धर्मग्रामाची गोधडी: यादीपासून भेटीपर्यंत

नाताळच्या निमित्ताने धर्मग्रामातील (एका चर्चच्या कक्षेतील ख्रिस्ती वस्तीतील) घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांसाठी घरोघरच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवण्याचा उपक्रम वसईत आम्ही काही वर्षे करीत आहोत, आणि शेजारच्या धर्मग्रामांतील महिला मंडळे त्याविषयी वारंवार विचारतात. विचारणाऱ्या बहुतेकींची सुरुवात टाक्यापासून होते: कोणता दोरा, किती पदर (म्हणजे कापडाचे थर), केवढी सुई. या कामातल्या बहुतांश चुका मात्र टाक्यात होत नाहीत. गोधडी कोणाला द्यायची हे ठरण्याआधीच ती शिवली जाते, कोणत्या घरातून काय आले याची नोंद राहत नाही, आणि शेवटी ती दारातल्या दारात हातावर ठेवून मंडळी पुढच्या घराकडे वळतात. अशी गोधडी ऊब देते, पण घरे जोडली जात नाहीत. म्हणून पुढे सांगितलेला क्रम बदलू नये, अशी विनंती आहे.

येथील सर्व मापे बारा गोधड्या आणि दहा शिवणाऱ्या स्त्रिया असे धरून दिली आहेत. पहिल्या वर्षी बारापेक्षा जास्त गोधड्या हाती घेऊ नयेत.

१. आधी माणसांची यादी, मग कापड (सप्टेंबरचा पहिला पंधरवडा)

धर्मग्रामात जे सेवक दर रविवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) नेऊन देतात, त्यांच्याजवळ ही यादी जवळजवळ तयारच असते. फादरांची परवानगी घेऊन त्यांच्याबरोबर बसावे. कोण अंथरुणाला खिळले आहे, कोण चाकाच्या खुर्चीत आहे, कोणाची मुले परदेशी असून घरात कोण लक्ष देते, एवढेच विचारावे. आजाराचे नाव वहीत लिहू नये; त्याची गरज नाही आणि वही अनेकांच्या हातांतून जाते.

यादी झाली की प्रत्येक घरी एकदा जाऊन विचारावे. हा टप्पा गाळण्याचा मोह फार होतो, कारण भेटवस्तू अचानक द्यावी असे आपल्याला वाटते. परंतु वृद्धाच्या अंगावर काय घालायचे हे त्याची शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगी ठरवीत असते. एखाद्याला वजन सोसत नाही, एखाद्याच्या त्वचेला जाड शिवण टोचते, एखाद्या घरी आधीच सहा पांघरुणे असतात आणि त्यांना खरे तर कोणी येऊन बसायला हवे असते. नकार मिळाल्यास नाव गोधडीच्या यादीतून काढावे, भेटीच्या यादीतून मात्र काढू नये.

वाडीतल्या ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांची नावे कोणी सुचवली तर तीही घ्यावीत. याच विचाराने, आणि आणखी एका कारणासाठी, गोधडीवर क्रूस किंवा पवित्र मातेचे चित्र शिवू नये: पांघरूण पायाखाली जाते, त्यावर बसले जाते, ते मळते, आणि मग ते वापरावे की जपून ठेवावे या संकोचात घरातली माणसे ते कपाटात ठेवून देतात.

> तपासा: बारा नावे, प्रत्येकासमोर मिळालेली संमती, आणि घरात रोज शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे नाव. हे तीनही रकाने भरल्याशिवाय कापड मागवू नये.

२. कापड मागणे आणि वही (सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा)

मिस्सेनंतरची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरची, घोषणा पुरेशी नसते. घोषणा ऐकून लोक घरातले नको असलेले सगळे आणून टाकतात, आणि चर्चच्या सभागृहात फाटक्या पडद्यांचा ढीग होतो. त्याऐवजी प्रत्येक परिसराच्या प्रतिनिधीने आपल्या भागातील पाच-सहा घरी स्वतः जाऊन नेमके एवढेच मागावे: वापरून मऊ झालेली, न विरलेली, धुतलेली एक सुती साडी किंवा धोतर, अन्यथा हातभर सुती तुकडा.

कापड घेताना दोन प्रश्न विचारायचे. हे कोणाचे होते? आणि हे कापले तर चालेल ना? वसईत जुन्या पेट्यांमधून आजीचे लाल लुगडे निघते, ते हातात देताना लेकीचा आवाज बदलतो, आणि तरीही ती संकोचाने "घ्या, नाहीतरी पडूनच आहे" म्हणते. अशा वेळी ते लगेच पिशवीत घालू नये. आठ दिवस तिच्याकडेच ठेवायला सांगावे आणि पुन्हा विचारावे. एकदा कात्री लागली की ते परत करता येत नाही. मृतांच्या स्मरणदिनाच्या, म्हणजे २ नोव्हेंबरच्या, आसपास अशी कापडे अधिक येतात. ती आली तर त्याच वर्षी घाईने वापरण्यापेक्षा पुढच्या वर्षासाठी ठेवावीत.

प्रत्येक कापडाला एक क्रमांक द्यावा. तो क्रमांक कापडाच्या कोपऱ्याला कच्च्या टाक्याने शिवलेल्या पांढऱ्या चिंधीवर लिहावा आणि वहीत त्यासमोर घराचे नाव व ते कापड कोणाचे होते याची एक ओळ लिहावी. कागदी चिठ्ठी टाचणीने लावू नये. ती धुण्यात जाते, आणि टाचणी कापडातच राहते.

३. निवड: सुती आणि फक्त सुती

पहिल्या वर्षी आम्ही आतल्या पदरांकडे दुर्लक्ष केले. दिसत नाहीत म्हणून त्यांत दोन टेरिकॉटच्या (पॉलिएस्टर मिसळलेल्या) साड्या घातल्या. पहिल्याच धुण्यात वरचे सुती कापड आटले, आतले आटले नाही, आणि गोधडी जागोजाग फुगून तिच्यावर कायमच्या चुण्या पडल्या. ती गोधडी उसवून पुन्हा शिवायला नव्या गोधडीपेक्षा जास्त वेळ लागला.

संशय आला तर कापडाच्या कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरावेत आणि उघड्या जागी, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, काडीने पेटवावेत. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरते. पॉलिएस्टरचा धागा वितळून आखडतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. तेही बाजूला ठेवावे. परीक्षा धाग्यांची करावी, कापडाचा तुकडा पेटवू नये.

विरलेपणाची परीक्षा याहून सोपी आहे. कापड उजेडासमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी आडवे ताणावे. धागे सरकून जाळी दिसू लागली तर ते कापड वरच्या किंवा खालच्या पदराला घेऊ नये.

४. धुणे, रंगाची परीक्षा, ऊन (ऑक्टोबर)

हे काम ऑक्टोबरमध्येच का, याला कारण आहे. पावसात वाळलेल्या कापडात कुबट वास राहतो, आणि चार पदरांत शिवल्यानंतर तो जात नाही. ऑक्टोबरचे कडक ऊन या कामासाठी नेमके मिळते.

कापड घरून धुऊन आले असले तरी पुन्हा धुवावे. त्याआधी रंग तपासावा: पांढरा फडका ओला करून कापडावर जोराने दहा-बारा वेळा घासावा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड वेगळ्या बादलीत टाकून पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे आणि परीक्षा पुन्हा करावी. काही जुन्या लाल आणि गडद निळ्या कापडांचा रंग पाच-सहा पाण्यांनंतरही थांबत नाही. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबून राहू नये. अशा कापडाचा एकही चौकोन गोधडीत जाऊ नये. ज्या घराने ते दिले त्यांना ते परत करून कारण सांगावे आणि दुसरा तुकडा मागावा. बाकीचे कापड, रंग सोसत असेल तेवढ्या गरम पाण्यात साबणाने धुऊन, दोन दिवस उन्हात उलटसुलट वाळवावे. ढेकणांची शंका असलेले कापड तर उकळत्या पाण्यातूनच काढावे. त्यानंतर इस्त्री करावी, कारण सुरकुतलेले कापड मापाने कापता येत नाही.

> सावधान: धुताना चिंधीवरचा क्रमांक पुसट होतो. वाळल्यावर लगेच, घड्या घालण्याआधी, तो पुन्हा गडद करावा.

५. कापणी: एका साडीचा हिशेब

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सुमारे ११५ सेंटिमीटर पन्ह्याची असते. तिचे लांबीत चार समान भाग केले की प्रत्येक भाग ११५ बाय १३७ सेंटिमीटर येतो. यातला एक भाग खालचा पदर, दोन भाग आतले पदर, आणि चौथा भाग चौकोन कापण्यासाठी. अशा रीतीने एका साडीत एका गोधडीचे पोट भरते, आणि वरची बाजू मात्र अनेक घरांच्या चौकोनांनी जोडली जाते.

चौकोन २३ सेंटिमीटरचे कापावेत. प्रत्येक कडेला एक सेंटिमीटर शिलाईत जाऊन चौकोन २१ सेंटिमीटरचा उरतो. आडवे पाच आणि उभे सहा, म्हणजे एका गोधडीला तीस चौकोन लागतात, आणि बारा गोधड्यांना ३६०. पुठ्ठ्याचा एकच साचा करून सर्वांनी तोच वापरावा. प्रत्येकीने आपापली पट्टी घेऊन मोजले की चौथ्या ओळीपर्यंत कोपरे एकमेकांना भेटेनासे होतात. चौकोन धाग्याच्या सरळ रेषेतच कापावा. तिरका कापलेला चौकोन ताणला जातो आणि सगळी ओळ वाकडी करतो.

चार पदरांहून अधिक पदर घालू नयेत, असा माझा आग्रह आहे. जास्त पदरांची गोधडी जाडजूड आणि छान दिसते, पण अंथरुणावरच्या माणसाला ती स्वतःच्या हाताने बाजूला सारता येत नाही, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत ती लवकर वाळतही नाही. वारंवार धुवावी लागणारी वस्तू एका दिवसात वाळली पाहिजे.

तीस चौकोन जमिनीवर मांडून, कोणत्या गोधडीत कोणकोणत्या क्रमांकाची कापडे आली ते वहीत लिहावे आणि मगच जोडायला घ्यावेत. शक्य असेल तेथे, ज्या वृद्धासाठी ती गोधडी आहे त्याच्या वाडीतल्या, जुन्या शेजारच्या किंवा माहेरच्या घरांचे चौकोन तिच्यात यावेत. चौकोन जोडायला शिलाई मशीन वापरण्यास हरकत नाही. जोडून झाल्यावर आतल्या शिलाया एका बाजूला दाबून इस्त्री करावी. वरचा पदर आता १०७ बाय १२८ सेंटिमीटर होतो. आतले दोन्ही पदर त्याच मापाने कापून घ्यावेत. खालचा पदर कापू नये.

६. पदर रचणे आणि कच्चा टाका

सभागृहाची फरशी पुसून कोरडी करावी. खालचा पदर उलटा, म्हणजे त्याची चांगली बाजू फरशीकडे करून पसरावा आणि त्याच्या कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात. तो ताणून नव्हे, नुसता सपाट बसला पाहिजे. त्यावर आतले दोन पदर एकेक करून, मधून कडेकडे तळहाताने सारखे करीत घालावेत. शेवटी वरचा पदर मधोमध ठेवावा. खालच्या पदराचे चार ते साडेचार सेंटिमीटर चारही बाजूंनी बाहेर राहतात. त्यांचीच पुढे कड होणार आहे.

त्यानंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, पाच-सहा सेंटिमीटर लांबीचे कच्चे टाके घालावेत. पहिली ओळ मध्यापासून एका बाजूला, दुसरी मध्यापासून विरुद्ध बाजूला, मग तशाच दोन आडव्या. हा क्रूस तयार झाल्यावर वीतभर अंतराने उरलेल्या ओळी घालाव्यात. या कामाला एका गोधडीमागे पाऊण तास लागतो, आणि म्हणूनच ते टाळले जाते. टाचण्या लावून भागते असे सांगणाऱ्या भेटतात. घरी एकटीने शिवताना भागतही असेल, पण ज्या गोधडीची घडी होऊन ती आठवडाभर कपाटात राहणार आणि पुढच्या वेळी वेगळ्याच चार जणी ती उघडणार, तिच्या टाचण्या गळतात आणि पदर सरकतात.

७. धावदोरा (नोव्हेंबर)

धावदोरा म्हणजे सगळे पदर एकत्र धरणारी साध्या टाक्यांची सरळ ओळ. त्यासाठी टेलरच्या खडूने लांबीच्या दिशेने अडीच-अडीच सेंटिमीटरवर रेषा आखाव्यात. सुमारे चाळीस ओळी होतात आणि एकूण शिवण पन्नास मीटरच्या घरात जाते. सवयीचा हात चार पदरांतून तासाला पाच-सहा मीटर शिवतो. म्हणजे एका गोधडीला नऊ तास, बाराला शंभराच्या वर. दहा जणी आठवड्यातून एकदा दोन तास बसल्या तर सहा आठवडे लागतील. नोव्हेंबरात तेवढे आठवडे नसतात, म्हणून आठवड्यातून दोन बैठका ठरवाव्यात. पहिल्याच दिवशी फळ्यावर हा हिशेब मांडावा. हिशेब न मांडलेल्या मंडळात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोघी-तिघी रात्रभर जागून काम उरकतात, आणि पुढच्या वर्षी त्या येत नाहीत.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. धावदोरा त्या रविवारी संपलेला असावा. त्यानंतर नेवऱ्या, येशूजन्माचा गोठा, कंदील आणि पाहुणे यांच्या गडबडीत कोणाचे हात रिकामे राहत नाहीत.

शिवायला मधल्या ओळीपासून सुरुवात करावी आणि दोन्ही कडांकडे सरकत जावे. आपल्याकडच्या अनेक जुन्या बायका कडेपासून सुरुवात करून चौकटी-चौकटीने आत येतात आणि त्यांची गोधडी सुरेख सपाट होते. ती एका हाताची, पन्नास वर्षांच्या सवयीची करामत आहे. चार वेगवेगळे हात चारही कडांनी आत आले तर कापडाचा सगळा फुगवटा मधोमध साठतो, आणि तिथे शेवटी चुणी घालून दाबण्यावाचून उपाय उरत नाही. मधून बाहेर शिवले की फुगवटा कडेला निघून जातो.

दोरा जाड सुती घ्यावा, आणि एका वेळी हातभरच ओवावा. लांब दोरा गुंततो आणि वारंवार कापडातून जाऊन झिजतो. टाका पाच-सहा मिलिमीटरचा पुरे. ओळ सुरू करताना गाठ मारून सुई वरच्या पदरातून आत घालावी, दोरा हलकेच ओढावा आणि बारीक "टक्" आवाज होऊन गाठ आतल्या पदरात गेली की टाका घालू लागावे. गाठ पृष्ठभागावर राहिली तर सतत पडून असलेल्या माणसाच्या नाजूक कातडीला ती खुपते. दोन-तीन टाके झाले की बोटाने शिवण चापपून पाहावी. कापड गोळा होत असेल तर दोरा जास्त ओढला जात आहे.

एका गोधडीवर शक्यतो त्याच चौघींनी शेवटपर्यंत शिवावे. नव्याने शिकणाऱ्या मुलींना मधल्या ओळी द्याव्यात, कडेच्या नव्हे, आणि त्यांच्या शेजारी जुना हात बसवावा. त्यांचा वाकडा टाका उसवू नये, तो कापड धरून ठेवत असेल तर तसाच राहू द्यावा.

ओळी संपल्या की खालच्या पदराची बाहेर राहिलेली कड आधी अर्धी आत दुमडून, मग वरच्या पदरावर पुन्हा दुमडून, बारीक टाक्याने पक्की करावी. झालर, गोंडे, रिबिनी, बटणे काही लावू नये. चाकाच्या खुर्चीच्या चाकात ती अडकतात. त्यानंतर कच्चे टाके काढावेत.

> सावधान: बैठक सुरू होताना सुया मोजून द्याव्यात आणि उठताना मोजून घ्याव्यात, दोन्ही आकडे वहीत लिहावेत. एक सुई जरी कमी भरली तरी त्या दिवशीच्या सर्व गोधड्यांवरून मोठे लोहचुंबक सावकाश फिरवावे आणि सुई सापडेपर्यंत कोणीही घरी जाऊ नये. हा नियम कठोर वाटतो. ज्याला टोचले तरी सांगता येत नाही अशा माणसाच्या अंगावर ही गोधडी जाणार आहे, हे शिवणाऱ्यांना समजावून सांगितले की कोणी कुरकुरत नाही.

८. शेवटची तपासणी आणि नावपट्टी

तयार गोधडी एकदा धुवावी, उन्हात वाळवावी आणि मग तपासावी. दोन टोके धरून जोरात झटकावी, प्रत्येक ओळीवरून तळहात फिरवावा, सुटलेला टाका पुन्हा घालावा, लोहचुंबक शेवटचे एकदा फिरवावे. वजन एक किलोच्या आत असावे.

आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढी पांढरी सुती पट्टी शिवावी. तिच्यावर धुण्यात न जाणाऱ्या शाईने, कापडे ज्या घरांतून आली त्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत. ज्याला गोधडी द्यायची त्याचे नाव, धर्मग्रामाचा शिक्का किंवा "सप्रेम भेट" यांपैकी काही लिहू नये. ही नावे त्या घरांना विचारूनच लिहावीत. एखाद्याला आपले नाव नको असते. आगमनकाळाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी फादरांनी मिस्सेत गोधड्यांना आशीर्वाद द्यावा. त्या वेळी कोणाला काय मिळणार हे वाचून दाखवू नये.

९. भेट (नाताळच्या आधीचे दोन आठवडे)

प्रत्येक घरी दोघींनी जावे, आणि त्यांपैकी एक, गोधडीत जिचे कापड आहे अशा घरातली असावी. सांगून जावे, आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळावी. एका संध्याकाळी एकच घर घ्यावे. ज्या वर्षी आम्ही एका रविवारी सात घरे केली, त्या वर्षी एका आजीने गोधडी मांडीवर घेऊन पहिल्या चौकोनाबद्दल विचारले आणि आम्ही घड्याळाकडे पाहिले. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून हा नियम केला.

गोधडी कागदात गुंडाळू नये. उघडीच घडी घालून न्यावी, म्हणजे थरथरत्या हातांना गाठी सोडाव्या लागत नाहीत. ती पांघरून देण्याआधी मांडीवर पसरावी आणि चौकोन कोणाकोणाचे आहेत ते वहीतून पाहून सांगावे. "हे तुमच्या वाडीतल्या शिक्षकांच्या धोतराचे", "हा माझ्या सासूबाईंच्या रोजच्या साडीचा". ज्यांना नीट दिसत नाही त्यांचा हात त्या चौकोनावर ठेवावा. यानंतर बोलणे आपोआप सुरू होते, आणि ते ऐकण्यासाठी किमान अर्धा तास हातात असावा. फोटो काढू नयेत. घरच्यांनी स्वतः काढला तरी तो धर्मग्रामाच्या फलकावर लावण्यासाठी मागू नये. "मदत" किंवा "वाटप" हे शब्द भेटीत वापरू नयेत.

निघताना शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला तीन गोष्टी सांगाव्यात: गोधडी अंगावर घ्यायची आहे, पाठीखाली घालायची नाही, कारण शिवणीचा दाब पडून जखम होऊ शकते, साध्या साबणाने धुवावी आणि पिळण्याऐवजी टांगून निथळू द्यावी, आणि टाका सुटला तर निरोप पाठवावा, आम्ही येऊन घालू. तान्ह्या बाळाच्या पाळण्यात ही गोधडी घालू नये, हेही घरात बाळ असल्यास आवर्जून सांगावे. जड, सैल पांघरुणाने त्याचा श्वास कोंडू शकतो.

१०. जानेवारीतील दुसरी भेट

जानेवारीच्या मध्यास त्याच दोघींनी सुई, दोरा आणि अंगुस्तान घेऊन पुन्हा जावे. सुटलेले टाके तिथेच बसून घालावेत. वृद्धाने एखाद्या चौकोनाविषयी काही सांगितले असेल, त्या घरासाठी काही निरोप दिला असेल, तर तो वहीत लिहून घ्यावा आणि त्याच आठवड्यात ज्या घराने ते कापड दिले होते तिथे जाऊन पोहोचवावा. उरलेले चौकोन क्रमांकासह कडुनिंबाच्या सुक्या पानांबरोबर कोरड्या पेटीत ठेवावेत, वही फादरांच्या कार्यालयातल्या कपाटात कुलपात ठेवावी, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते दोघींना माहीत असावे.